पॅटीस घरचे, हात आपला

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या स्मृतीस वंदन करण्यासाठी लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगावचे आपले बांधव लोकलने सहकुटुंब देहूरोडला जातात. परतताना बेकरीच्या काचेपाशी मुले थबकतात. पाच माणसांना पाच पॅटीस म्हणजे खिशाला चाट! तेच पॅटीस घरी होते आणि जिद्द असेल तर त्यावर संसाराला हातभारही लागतो.

चिरोटे केलेल्या भगिनींना साटा ठाऊक आहेच. पॅटीसचे तंत्र तेच. फक्त थंडावा आणि धीर जास्त लागतो.

अर्धा किलो मैद्यात एक चमचा मीठ, दोन चमचे लिंबाचा रस व ५० ग्रॅम वनस्पती तूप चोळावे. थंडगार पाण्याने पोळीच्या कणकेसारखे मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावे. २०० ग्रॅम घट्ट मार्गारिन किंवा वनस्पती दोन चमचे मैदा घालून फेसावे. हा झाला साटा.

पिठाची लांबट चौकोनी पोळी लाटावी. तिच्या दोन भागांवर साटा पसरून तिसरा भाग कोरा ठेवावा. कोरा भाग आधी दुमडावा, त्यावर उरलेला. घडी आडवी फिरवून पुन्हा लाटावी व तशीच तिहेरी दुमडावी. आता साटा लावायचा नाही. असे एकूण चार वेळा करावे. हिशेब सोपा आहे : ३, ९, २७, ८१ पदर! प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर हे काम थंडीतल्या पहाटे करावे. साटा वितळला की पदर एकमेकांत मिसळतात आणि पॅटीस फुलत नाही. भट्टीत पाण्याची वाफ होते, ती पदर वर उचलते. फुलण्याचे कारण एवढेच.

सारणासाठी अर्धा किलो उकडलेले बटाटे, वाटीभर मटार, कांदा, आले-लसूण-मिरचीचे वाटण आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला कोरडे परतावे. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये. पोळी जाडसर लाटून धारदार सुरीने चार-चार इंची चौकोन कापावेत, सारण भरून दुमडावेत. वरून दूध लावावे. कापलेल्या कडांना लावू नये, पदर चिकटतात. साधारण सोळा पॅटीस होतात.

ओव्हन असेल तर २०० अंशावर सुमारे २५ मिनिटे भाजावेत. पहिली १५ मिनिटे दार उघडू नये. ओव्हन नसेल तर नानकटाईचे ट्रे नेतो तसे ओळखीच्या बेकरीच्या भट्टीवर न्यावेत. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत पॅटीस लवकर मऊ पडतात, म्हणून गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

आता दुसरी बाजू. लोणावळ्यात आमच्या परिचयाच्या एका भगिनीने असे पॅटीस विकायला सुरुवात केली. एक कुटुंब दर रविवारी दोन डझन नेत असे. एकदा त्यांच्यापैकी कोणी घरी न्यायला आले, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि पुढच्या रविवारपासून ऑर्डर बंद! चव तीच, हात तोच. तिने आम्हाला विचारले, "फोटो आतल्या खोलीत लावू का?" आम्ही उत्तर देण्याआधी तीच म्हणाली, "नाही लावणार." उलट तिने डब्यावर स्वतःचे पूर्ण नाव घातले. गेलेले गिऱ्हाईक परतले नाही. नवी मात्र हळूहळू आली, तीही नाव वाचून.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य झाले होते. आज बेकरीच्या काउंटरवर पीठ कोणी मळले हे कोणी विचारत नाही. मग आपल्या दारातच ते का आठवावे? हा प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःलाच विचारावा. आपण मान खाली घालण्याचे कारण नाही.

धंदा करणाऱ्या भगिनींनी अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली नोंदणी अवश्य करावी. वही ठेवावी. मैदा, तूप, बटाटे, गॅस, भट्टीचे भाडे सारे लिहावे आणि स्वतःची मजुरी धरायला विसरू नये. घरातल्या बाईचे श्रम फुकट धरण्याची खोड आपल्याही घरांत आहे. पुरुषांनी ती सोडावी व लाटणे हाती घ्यावे.

आपल्या मावळातल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या सुताराचे आणि गंधिकाचे नाव कोरलेले आहे. हातच्या कसबावर जगणारी ही माणसे. सम्यक आजीविका ती हीच. तेव्हा येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जाताना डबा घरचा असू द्या, आणि शेजारच्या बाकावरील प्रवाशालाही त्यातले एक पॅटीस द्या. जयभीम!