घरच्या घरी गाणं: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणपतीसाठी स्वतःची आरती रेकॉर्ड करावी, अशी हौस दुबई-शारजातल्या अनेक मराठी घरांत असते. गळा असतो, लॅपटॉपही असतो. अडतं ते गैरसमजांपाशी.

गैरसमज : मोठा स्टुडिओच लागतो.
वस्तुस्थिती : दुबईच्या एक्स्पो सिटीत ए. आर. रहमान यांचा फिरदौस स्टुडिओ आहे. पूर्ण वाद्यवृंदाला तशी जागा हवीच. एका गायकाला मात्र लॅपटॉप, मायक्रोफोन, तो लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन पुरतात. ऑडॅसिटी आणि ॲपलचं गॅरेजबँड ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

गैरसमज : भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की खोली साउंडप्रूफ.
वस्तुस्थिती : आवाज अडतो तो वजनदार भिंतीने आणि फटी बुजवल्याने, हलक्या ट्रेने नाही. फोम किंवा रजई फक्त खोलीतला घुमारा कमी करते, आणि घरच्या रेकॉर्डिंगला तेच हवं असतं. गायकाच्या पाठीमागे जाड रजई टांगा, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. आखातातली मोठी अडचण म्हणजे एसीची घरघर. टेक होईपर्यंत एसी बंद ठेवा. ती घरघर नंतर काढायला गेलं तर गळ्याचा पोतही बिघडतो.

गैरसमज : मिडी म्हणजे कॉम्प्युटरचा खोटा आवाज.
वस्तुस्थिती : मिडी ही वाद्यं आणि कॉम्प्युटर यांना जोडणारी, १९८३ साली आलेली भाषा आहे. तिच्यात आवाज नसतोच. कोणता सूर, केव्हा, किती वेळ आणि ० ते १२७ या मापात किती जोराने, एवढीच तिच्यात नोंद असते. तीच नोंद पियानोला द्या किंवा सतारीला. चुकलेला एकच सूर पुन्हा न वाजवता दुरुस्त करता येतो.

गैरसमज : बारा पट्ट्यांच्या कीबोर्डवर मींड येत नाही.
वस्तुस्थिती : सूर वर-खाली सरकवणाऱ्या मिडीच्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात. रास्त या अरबी मकामातला, म्हणजे रागासारख्या स्वरचौकटीतला, गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध बसतो. तोही यातून साधता येतो. मात्र वळण कुठे घ्यायचं हे कानालाच कळावं लागतं.

गैरसमज : ऑटो-ट्यून असलं की कुणीही गायक.
वस्तुस्थिती : सूर दुरुस्त करणारं हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी खनिज तेल शोधण्यासाठी भूगर्भातल्या लहरींचं विश्लेषण करत. तिथलंच गणित त्यांनी सुरांना लावलं. ऑटो-ट्यून सूर जागेवर आणतं. श्वास, शब्दफेक आणि भाव आणत नाही.

म्हणून नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी आहे त्या साधनांवर एक कडवं रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका आणि पुन्हा गा. पैसे आधी मायक्रोफोनवर आणि वेळ रियाजावर खर्च करा.