नंदू भेंडे यांचा ‘वेल्व्हेट फॉग’ आठवतोय का कुणाला?



‘डिस्को डान्सर’ (1982) मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ वरातीत आपण सगळेच ऐकत आलोय. तो दणदणीत आवाज नंदू भेंडे यांचा. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा 70च्या दशकात मुंबईत ‘वेल्व्हेट फॉग’ या रॉक बँडचा गायक होता. नाटकवेड्या मराठी घरातला पोरगा तेव्हा इंग्रजी रॉक गात होता, हे मला आजही थोर वाटतं.

तो काळच भन्नाट. ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ ही बँडस्पर्धा व्हायची. 1970 आणि 71 साली तिच्या एलपी निघाल्या. गिटारचा तो खरखरीत, फाटका फझ आवाज एकदा तरी हेडफोन लावून ऐकाच. आज परदेशातले संग्राहक त्या मूळ तबकड्यांच्या शोधात असतात.

पुढे अलिक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये नंदू ज्युडास झाले, तर पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश. रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर इतका चपखल बसलेला दुसरा मला तरी माहीत नाही.

आणखी एक गंमत. ‘कृष्णा’ची चाल मूळची ‘टीलमन ब्रदर्स’ची, म्हणजे इंडोनेशियातून हॉलंडला गेलेल्या भावंडांच्या बँडची!

नंदू 2014 साली गेले. तुमच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर भंगारात घालू नका. आधी लेबलचा फोटो इथे टाका.