खांद्यावरची पडशी, ट्रकमधली पेटी

माझं औषधांचं दुकान सासवडला आहे. पुण्याहून निघालेली माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडं येते, तो टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा, सगळ्या वाटेतला सर्वांत लांब. त्या संध्याकाळी दुकानापुढं रांग लागते आणि कोण कशी तयारी करून निघालंय, ते पावलं बघूनच समजतं.

बहुतेक दिंड्यांकडं औषधांची पेटी असते, चांगली भरलेलीही असते. पण दिंडीचं सामान ट्रकमधून मुक्कामाला पुढं जातं. सकाळी ट्रकमध्ये चढलेली पेटी संध्याकाळीच दिसते आणि साखर उतरून हातपाय थरथरतात ते भर दुपारी, घाटात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं, की औषधं दोन ठिकाणी बांधा. रोजच्या गोळ्या वारीभर पुरतील एवढ्या पेटीत ठेवा आणि त्यातल्या दोन-तीन दिवसांच्या स्वतःच्या पडशीत. गोळ्या पट्टीतच राहू द्या. पट्टी कापून घेत असाल, तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानदाराकडून मागून घ्या. पुड्यात सुट्या बांधलेल्या पांढऱ्या गोळ्या रक्तदाबाच्या की मधुमेहाच्या, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.

पडशीत ओआरएसची पाकिटं हवीतच. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन अपुरं पडत होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पण त्याचं माप चुकवू नका, माउली. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्याचं, छोटं २०० मिलीलिटरचं. मोठं पाकीट पेल्याभर पाण्यात ढवळून प्यायलं, तर अंगात मीठ जास्त जातं आणि अपाय होतो.

रांगेतली सर्वांत मोठी मागणी पायदुखीच्या गोळीची. डायक्लोफेनॅक द्या, म्हणतात. मी आधी विचारते, दिवसभरात पाणी किती प्यायलात? बायका तर लघवीला आडोसा मिळत नाही म्हणून पाणी टाळतात, आणि हे ऐकून दरवर्षी माझा जीव तुटतो. घामानं कोरड्या पडलेल्या अंगात ही गोळी किडनीला इजा करू शकते, रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. लिव्हरचा आजार नसेल, तर अशा वेळी साधी पॅरासिटामॉल बरी. आणि त्याहीआधी पाणी.

पायाला आलेला फोड फोडू नका, वरची कातडी हीच त्याची उत्तम पट्टी. त्यावर स्वच्छ गॉज आणि चिकटपट्टी लावा. भिजलेल्या धोतरानं, लुगड्यानं मांड्या सोलवटतात, त्यासाठी पहाटे निघण्याआधीच व्हॅसलिन चोळा. मधुमेह असलेल्यांना पायाची जखम कळतही नाही. गोपीचंदन लावायचा छोटा आरसा पडशीत असतोच, तोच रात्री तळव्यांखाली धरून रोज बघा. अशा माणसांनी अनवाणी चालू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

इन्सुलिन तापलेल्या ट्रकमध्ये कधीच ठेवू नका, बर्फालाही चिकटवू नका. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि सावलीत ठेवा.

पेटीत पोव्हिडोन आयोडिन, गॉज, क्रेप बँडेज, कात्री, चिमटा, हातमोजे आणि थर्मामीटर एवढं पुरे. अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय भरू नका. किल्ली दोघांकडं द्या, एक ट्रकबरोबर जाणारा, एक चालणारा.

शेवटी प्रत्येकाच्या पडशीत प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी असावी. तिच्यावर नाव, आजार, चालू औषधं आणि घरचा फोन लिहा. दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची, हेही लिहा. १०८ ला फोन करणाऱ्यानं जवळच्या गावाबरोबर हेही सांगावं, नाहीतर एवढ्या गर्दीत रुग्णवाहिकेला माणूस सापडत नाही.