उदासीन म्हणजे काय दिसलं?

बीएसडब्ल्यूला प्रवेश घेतला म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे झाडं लावायची आणि रॅल्या काढायच्या?" नगरला सीएसआरडीसारखी समाजकार्याचं शिक्षण देणारी जुनी संस्था असूनही हा प्रश्न सुटलेला नाही. केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन हे वर्गात शिकवून होतं. पोरं घडतात ती फील्डवर्कमध्ये, आणि माझ्या मते त्याहून जास्त रिपोर्ट तपासून घेताना.

परवा एका विद्यार्थिनीचा रिपोर्ट हातात आला. पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, ती जाते. लिहिलं होतं, 'पालक शिक्षणाबाबत उदासीन आहेत.' मी वाक्याखाली रेघ मारली.

"उदासीन म्हणजे काय दिसलं तुला?"

"मॅडम, त्यांची मुलगी शाळेतच जात नाही."

"मग दिवसभर करते काय?"

ते तिने विचारलंच नव्हतं. पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं. निष्कर्ष आधी, माहिती मागून. याउलट जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या, त्यातल्या कित्येक निरक्षर. कोणत्या घरात चूल का पेटली नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. आमच्या पोरांना तेवढंच यायला तीन वर्षं लागतात.

पुढच्या रिपोर्टात 'उदासीन' हा शब्द नव्हता. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल दोघांच्या जिवावर घेतलेली. आई अंधारातच फडात जाते. नऊ महिन्यांचा भाऊ आणि कोपी दहा वर्षांच्या मुलीवर. गाडी भरायला उशीर झाला तर रात्रीची भाकरीही तीच थापते. गावाकडच्या हंगामी वसतिगृहाचा विषय काढल्यावर आई म्हणाली, "मग बाळाला कोण धरील?" अंगणवाडीत बसवायला मूल तीन वर्षांचं लागतं. म्हणजे मुलीची शाळा अडली होती ती पाळण्यापाशी.

'पुढील भेटीचे नियोजन' या रकान्यात तिने लिहिलं होतं: टोळीतल्या म्हाताऱ्या बाईकडे चार-पाच बाळं एकत्र ठेवता येतील का, मुकादमाशी बोलणे.

"मुकादम ऐकेल तुझं?"

"आधी त्याच्या बायकोशी बोलते, मॅडम. तिचंही लेकरू लहान आहे."

मी सही केली.