केदार खाली का उतरला?

केदारनाथच्या रांगेत आमच्या आत्यानं बऱ्याच वेळानं तोंड उघडलं ते ‘चांगभलं’ म्हणायला. गौरीकुंडापासूनची सोळा-सतरा किलोमीटरची चढण तिनं घोड्यावरून केली होती आणि तरीही दहा पावलं चाललं की तिला दम लागत होता. पुढं-मागं ‘हर हर महादेव’चा गजर, आणि ही कळसाकडं बघून ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं!’ मग माझ्याकडं वळून म्हणाली, “देव तर कवाच आपल्याकडं आलाय की. मग आपण हितं कशाला आलोय?”

इस्लामपूरला परतल्यावर तो प्रश्न मला सोडीना.

आमच्या वाळवे तालुक्यात जोतिबा घरोघरचा देव. वाडी रत्नागिरीचा डोंगर इथून चाळीसेक किलोमीटरवर. माघातल्या खेट्यांना रविवारी पायी जाणारी माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत. पण या देवाचं कागदोपत्री नाव केदारलिंग. ‘केदारविजय’ ही त्याची ओवीबद्ध पोथी. कथा अशी, की रत्नासुर आणि रक्तभोज यांच्या संहारासाठी कोल्हापूरच्या अंबाबाईला साहाय्य करायला हिमालयातला केदारनाथ दक्षिणेत आला, काम उरकून परत निघाला आणि अंबाबाईच्या आग्रहाखातर इथंच राहिला.

कथा म्हणून हे पुरेसं आहे. पण परत निघालेल्या देवाला थांबवून घेण्याची गरज माणसांना का वाटली असेल?

थोडा हिशेब मांडू. केदारनाथची उंची 3,583 मीटर, म्हणजे पावणेबारा हजार फूट. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. इस्लामपूर सहाशे मीटरांच्याही खाली. जोतिबाचा डोंगर सुमारे 3,100 फुटांचा. धाप लागते, पण ती ओळखीची. केदारनाथचे दरवाजे वर्षातले साधारण सहा महिनेच उघडे. रेल्वे-मोटारीच्या आधी कृष्णाकाठचा शेतकरी पेरण्या, सुगी सांभाळून तिथवर पायी जाऊन परत येणार कधी? जाणारा निरवानिरव करूनच निघायचा. आजही तिथं डोंगर सवलत देत नाही. 16 आणि 17 जून 2013 या दोन दिवसांत चोराबारी तलाव फुटून मंदाकिनीनं रामबाडा हे वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण पुसून टाकलं. देऊळ मागं अडकलेल्या शिळेमुळं वाचलं. आत्याचा घोडा ज्या वाटेनं चढला ती त्यानंतर नव्यानं काढलेली.

म्हणून मला ही कथा चमत्कारापेक्षा अंतराची वाटते. जाता येत नाही, ही गोष्ट लोकांनी देवाच्या येण्यात सांगितली. हा माझा तर्क, पुरावा नव्हे. पण त्याला आधार देणाऱ्या दोन गोष्टी सापडतात.

पहिली घराजवळची. जोतिबाचं मूळ देऊळ कराडजवळच्या किवळ गावच्या नावजींनी बांधलं, अशी परंपरा सांगते. आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधलं. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ 1808 चं, दौलतराव शिंद्यांचं. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. राणोजींच्या एका मुलाचं नावच जोतिबा. पुढं या घराण्याचा अंमल दिल्लीपर्यंत पोचला, हिमालय त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जवळ होता. तरी ग्वाल्हेरकडं बस्तान बसलेले दौलतराव केदारेश्वराचं देऊळ बांधतात ते कोल्हापूरजवळच्या डोंगरावर! चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचा मान आजही साताऱ्याच्या निनाम पाडळीचा पहिला आणि पाटण तालुक्यातल्या विहे गावचा दुसरा. कोल्हापूरच्या देवाच्या दारात सातारकर पुढं, याचं आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला तिकडंच कळली. केदारनाथचे रावळ, म्हणजे तिथले मुख्य धर्माधिकारी, परंपरेनं दक्षिणेतले वीरशैव असतात. ऊखीमठ हे वीरशैवांच्या पाच पीठांपैकी एक. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात लिंगायत समाज मोठा आहे. त्यांच्यासाठी केदार हे दूरचं तीर्थ असलं तरी परकं कधीच नव्हतं. दक्षिण आणि केदार यांच्यातली ये-जा निव्वळ पोथीतली नाही, ती अशी.

आणि दिवाळी. केदारनाथचे दरवाजे बंद होतात ते भाऊबीजेला. बर्फ पडायच्या आत देवाची उत्सवमूर्ती डोलीत बसवून खाली ऊखीमठाला आणतात. हिवाळाभर पूजा तिथल्या ओंकारेश्वराच्या देवळात. दरवाजे पुन्हा कधी उघडायचे ते महाशिवरात्रीला तिथंच ठरतं. म्हणजे हा देव दरवर्षी खाली उतरतोच. आपल्या लोकांनी त्याला फक्त आणखी लांब, थेट पन्हाळ्याच्या शेजारापर्यंत आणून बसवला.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग मी काय येगळं म्हणत हुते?”

मंदाकिनीचं पाणी तिनं एका छोट्या बाटलीत भरून आणलं होतं. पुढच्या माघात खेट्याला गेलो तेव्हा तिनं ते केदारेश्वराच्या पिंडीवर ओतलं. थोडं बाटलीत ठेवलं होतं. ते घरी देव्हाऱ्यात, खोबरं-गुलालाच्या डबीशेजारी आहे.