इलियनची ८७० आणि एक सैल पट्टी

गावोगावच्या टायपिंग क्लासमध्ये बसून ज्यांनी सरकारी नोकरीची तयारी केली, त्यांना रेमिंग्टन हे नाव बोटांनी ठाऊक आहे. टाइपरायटर भंगारात गेले, संगणक आले, तरी मराठी टंकलेखनातल्या त्या कळफलकाला आजही रेमिंग्टनच म्हणतात. हे नाव मुळात एका बंदूकवाल्याचं. न्यूयॉर्क राज्यात मोहॉक नदीच्या खोऱ्यात इलियन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या बंदुकांच्या कारखान्याने १८७३ मध्ये एका अमेरिकन संशोधकाचं लिहिण्याचं यंत्र बनवायला घेतलं आणि १८८६ मध्ये तो धंदा विकून टाकला. टाइपरायटर नावासकट दुसऱ्यांकडे गेला. बंदुका इलियनमध्येच राहिल्या, त्या मार्च २०२४ पर्यंत.

कारखाना बंद झाल्यावर गावाचं काय झालं हे लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं होतं. गावाचं काय होणार? लाल विटांच्या लांबलचक इमारती, कुलपं, रिकामी पार्किंगची जागा. आपल्याकडे गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटी सुमारे २७० कामगार उरले होते. गंमत म्हणजे त्यांची युनियन खाणकामगारांची. कंपनीचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा: १८१६ मध्ये एलिफलेट रेमिंग्टन याने सुरुवात केली, १८२८ मध्ये कालव्याच्या सोयीसाठी धंदा इलियनला हलवला. मग दोन शतकांची भरभराट, आणि २०१८ व २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरी. दुसऱ्या वेळी कंपनीचे तुकडे करून विकले. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या काही जणांच्या कुटुंबीयांशी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली, ती जुन्या कंपनीच्या विमेदारांनी भरली. नव्या मालकांनी बस्तान जॉर्जिया राज्यातल्या लाग्रेंजला हलवलं. हा सगळा इतिहास कोणालाही वाचायला मिळेल. मला गुंतवलं ते एका निवृत्त मेकॅनिकच्या गॅरेजने आणि त्यातल्या शेगड्यात धरलेल्या एका बंदुकीने.

बंदूक होती मॉडेल ८७०, बारा बोअरची, त्याच्या वडिलांची. तिच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. पंप-अ‍ॅक्शन म्हणजे पुढचा लाकडी दस्ता हाताने मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की भरलेलं आत जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रकारात विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल १२ चं राज्य होतं. ती फार देखणी बंदूक. तिचे भाग पोलादातून कोरून काढायचे आणि एकमेकांत बसेपर्यंत कारागिराने हाताने घासायचे. रेमिंग्टनची मॉडेल ३१ हीही तशीच गुळगुळीत चालणारी, पण विक्रीत तिची डाळ शिजली नाही. तेव्हा कंपनीतल्या रे क्रिटेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब उलटा मांडला. जिथे ताकद लागते तिथे कोरीव पोलाद ठेवायचं, बाकीचे भाग पत्रा ठोकून काढायचे आणि चापाची संपूर्ण जोडणी कंपनीच्या इतर बंदुकांनाही चालेल अशी करायची. १९५० मध्ये ८७० निघाली. २००९ मध्ये एक कोटीवी बंदूक बाहेर पडली. मॉडेल १२ चं नियमित उत्पादन खर्च परवडेना म्हणून १९६४ मध्येच थांबलं होतं.

मला या हिशेबातली एक गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटते. बार उडताना बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या भागाला, मागे फेकणारा जो रेटा असतो, तो कुठेतरी अडवावा लागतो. ८७० मध्ये बोल्टमधला एक ठोकळा वर उचलला जातो आणि नळीच्याच मागे वाढवलेल्या भागातल्या खाचेत अडकतो. म्हणजे रेटा नळी आणि बोल्ट आपसात सोसतात, बाहेरच्या पेटीवर, म्हणजे रिसीव्हरवर, तो येत नाही. त्यामुळे कारागिराकडे न जाता घरच्या घरी नळी बदलता येते. पक्ष्यांसाठी लांब नळी, हरणासाठी आखूड. मॅगझीनचं टोपण फिरवायचं, नळी ओढून काढायची, दुसरी बसवायची. साध्या माणसाच्या हातात एवढं स्वातंत्र्य देणारी बंदूक त्याआधी इतक्या स्वस्तात मिळत नव्हती.

आपल्याकडच्या वाचकाला इथे अडखळायला होईल. भारतात शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत शेती संरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी निवडणूक आली की आपली बंदूक पोलिस ठाण्यात जमा करतो आणि काही बिघडलं तर परवानाधारक दुकानात नेतो. स्वयंपाकघरात बसून तो ती उघडत नाही. अमेरिकेत धंदा म्हणून दुरुस्ती करायला परवाना लागतो, पण स्वतःची बंदूक स्वतः उघडून सुटा भाग बदलणं हे गाडीचं तेल बदलण्याइतकंच साधं काम समजलं जातं. मला हे ऐकून बरं वाटलं नाही. पण त्या मेकॅनिकला काम करताना पाहिल्यावर माझी काळजी निराळ्या दिशेला वळली.

सुरुवातीला त्याने काडतुसं असलेला डबा गॅरेजबाहेर नेऊन ठेवला. मग बोल्ट मागे ओढून नळीत बोट घातलं, मॅगझीनच्या तोंडातही बोट घातलं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बोटाने पाहायचं, असं त्याचं म्हणणं. बदलायचा होता एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाच्या कडेला धरून ते नळीतून ओढून काढणारा छोटा आकडा. इतक्या वर्षांनी त्याची धार गोल झाली होती आणि रिकामी काडतुसं नळीतच राहू लागली होती. नळी निघाली. रिसीव्हरमधल्या दोन पिना पंच आणि हातोडीने हलकेच ठोकल्यावर निघाल्या आणि चापाची सगळी जोडणी खालून एकसंध हातात आली. पत्र्याचे तुकडे, स्प्रिंगा, घोडा, सगळं एका चौकटीत. एवढं व्हायला मला चहा संपवायला लागला तेवढाही वेळ लागला नाही.

एक्स्ट्रॅक्टरच्या मागे एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला इवलासा दट्ट्या असतो. बारीक स्क्रूड्रायव्हरने दट्ट्या मागे दाबून धरायचा आणि आकडा उचलून काढायचा. दाब सुटला तर स्प्रिंग गॅरेजच्या कोणत्या कोपऱ्यात जाईल ते देव जाणे. म्हणून त्याने बोल्ट आणि दोन्ही हात एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवीतच काम केलं. जुना आकडा निघाला, नवा बसला. आतलं पन्नास वर्षांचं तेल डांबरासारखं घट्ट झालं होतं, ते रॉकेलच्या जातीतल्या द्रवाने धुतलं. लेख इथेच संपला असता तर संपादक खूश झाले असते.

पण चापाची जोडणी बाहेर काढताना रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवरून एक लांबट पट्टी सुटून टेबलावर पडली होती. ही शेल लॅच. मॅगझीनच्या नळीत काडतुसं एकामागे एक उभी असतात आणि पुढून स्प्रिंग त्यांना सतत मागे ढकलत असते. डाव्या-उजव्या भिंतींवरच्या दोन पट्ट्या त्यांना आळीपाळीने अडवतात आणि एका वेळी एकच सोडतात. हा वेळेचा खेळ आहे. दस्त्याच्या हालचालीबरोबर एक पट्टी बाजूला सरते तेव्हा दुसरी आत आलेली असायला हवी. नसेल तर दोन काडतुसं सुटतात आणि दुसरं बोल्टच्या खाली, काडतूस वर उचलणाऱ्या पाळण्यावर जाऊन फसतं. जुन्या ८७० मध्ये असं झालं की बंदूक कुलूप लावल्यासारखी बंद पडते, दस्ता ना मागे जातो ना पुढे. नंतरच्या काळात कंपनीने पाळण्यात इंग्रजी यू आकाराचा काप देऊन एक लवचिक जीभ काढली, म्हणजे जोर लावून दस्ता मागे खेचता येतो. जुन्या बंदुकीत हा पाळणा घालायचा तर त्याच्याशी जुळणारी, बोल्ट हलवणारी स्लाइडही बदलावी लागते. त्याच्या वडिलांच्या बंदुकीत अर्थातच जुना पाळणा होता.

आणि इथे ती सगळी स्वातंत्र्याची गोष्ट थांबते. ८७० मधला जवळजवळ प्रत्येक भाग पंच आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी बदलता येतो, या पट्ट्या मात्र नाहीत. त्या भिंतीतल्या खाचेत बसवतात आणि खाचेच्या कडेचं पोलाद पंचाने ठोकून पट्टीच्या काठावर किंचित वळवतात. तेवढ्याच वळवलेल्या धातूवर पट्टी टिकते. स्क्रू नाही, पिन नाही. चापाची जोडणी बसवलेली असताना ती पट्टीला जागेवर दाबून ठेवते, त्यामुळे ती सैल झालेली असूनही बंदूक वर्षानुवर्षं चालते आणि मालकाला पत्ता लागत नाही. जोडणी काढली की पट्टी पडते. रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचंही तेच. तो भिंतीला रिव्हेटने जखडलेला असतो आणि तो बदलणं हे गनस्मिथचं काम, घरचं नव्हे.

कारखान्यात पट्ट्या ठोकण्यासाठी वेगळं हत्यार आणि साचा होता. गॅरेजमध्ये काय करायचं? रिसीव्हरच्या आत ठोकायला जागा नाही, हातोडी फिरवता येत नाही. त्याने शेगड्याच्या दाबाचाच उपयोग केला. पट्टी खाचेत बसवली, पोलादाचा एक छोटा ठोकळा कानसून टोकदार केला, तो आत धरला, समोरच्या भिंतीला ओरखडा पडू नये म्हणून पितळेचा तुकडा लावला आणि पेच आवळत गेला. दाब कमी पडला तर धातू हलत नाही. जास्त झाला तर बाहेरच्या काळ्या निळसर पृष्ठभागावर फुगवटा उठतो, आणि तो पुन्हा बसत नाही. शिवाय खाचेच्या कडेला वळवता येण्याजोगा धातू मुळातच थोडा. एकदा दबलेल्या जागी पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही, दरवेळी जरा पलीकडची जागा शोधावी लागते आणि ती कधीतरी संपते.

पहिल्या प्रयत्नात पट्टी घट्ट बसली, पण इतकी घट्ट की स्प्रिंगसारखी हलायची थांबली. तिचं पुढचं टोक दाबलं की आत जाऊन परत यायला हवं, ते अर्ध्यात अडकत होतं. त्याने पट्टीखालून बारीक पाते घालून कड किंचित उचलली. मग सैल झाली. मग पुन्हा दाब. या खटाटोपात संध्याकाळ झाली, तो बोलायचा थांबला आणि मीही.

बोल्ट आणि दस्ता परत घालताना दोन्ही पट्ट्या एकेक करून बोटाने दाबून वाट करून द्यावी लागते. तिसऱ्या हाताची उणीव भासते असं ते काम. ते झाल्यावर त्याने दारू नसलेली, सरावाची प्लॅस्टिकची काडतुसं भरून दस्ता फिरवला. सावकाश फिरवला तेव्हा सगळं सुरळीत. जोरात फिरवला तेव्हाही. नवा एक्स्ट्रॅक्टर प्रत्येक काडतूस धरून नळीतून ओढून काढत होता. मग त्याने दस्ता मुद्दाम अर्धवट ओढून परत ढकलला, घाईत शिकारी ओढतो तसा. एक काडतूस पाळण्यावर घसरलं आणि बंदूक तिथेच अडकली.

दोष नव्याने बसवलेल्या डाव्या पट्टीचा की अर्धवट ओढीचा, हे कळायला मार्ग नव्हता. अडकलेलं काडतूस काढायला त्याला पुन्हा पिना ठोकाव्या लागल्या, आणि जोडणी निघाली तेव्हा त्याने टॉर्च धरून उजवी पट्टी नखाने हलवली. तीही किंचित हलत होती. गावात पूर्वी अशा कामाला सांगण्यासारखी माणसं होती, प्रत्येक गल्लीत कोणीतरी कारखान्यातला असायचा. त्यातले काही लाग्रेंजला गेले, बरेच म्हातारे झाले. जवळच्या गनस्मिथला त्याने फोन लावला, तेव्हा हरणांच्या शिकारीचा हंगाम संपेपर्यंत नवीन काम घेत नसल्याचं उत्तर मिळालं. त्याने रिसीव्हर, बोल्ट आणि पिना तेल लावून वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळल्या, फडक्यांवर पेनने नावं लिहिली आणि जुन्या बंदुकीत बसेल असा यू आकाराचा काप असलेला पाळणा व स्लाइड कुठे मिळते ते शोधायला घेतलं.