केसांचे घरगुती सीरम : घटना आणि मर्यादा

‘सीरम’ हा शब्द मुळात रक्त गोठल्यानंतर वेगळा होणाऱ्या स्वच्छ द्रवाचा वाचक आहे. प्रसाधनशास्त्रात मात्र केसांना अल्प प्रमाणात लावून न धुता तसेच ठेवावयाच्या पातळ द्रव्यास तो लावतात. बाजारातील अशा बहुतेक द्रव्यांत सिलिकोन हा प्रमुख घटक असतो. घरी असे द्रव्य सिद्ध करता येईल काय, आणि त्यापासून कोणती अपेक्षा करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केसाचा त्वचेबाहेरील भाग निर्जीव असून तो मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. म्हणून त्याचे ‘पोषण’ होते असे म्हणणे शास्त्रदृष्ट्या सयुक्तिक नाही. त्याची झीज रोखणे एवढेच शक्य असते. केसावर कौलांप्रमाणे एकमेकांवर रचलेल्या खवल्यांचे आवरण असते. पाण्याने केस फुगतो, खवले उचलले जातात आणि विंचरताना त्यांची हानी होते.

ही हानी सर्वच तेलांनी सारखी टळत नाही. मुंबईतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता प्रथिनांची झीज लक्षणीय कमी करणारे तेल त्यांत खोबरेल हे एकच ठरले. खोबरेलात सुमारे निम्मे प्रमाण लॉरिक आम्लाचे असते. त्याची बारा कार्बन-अणूंची साखळी आखूड व सरळ असल्याने ते केसाच्या अंतर्भागात शिरू शकते. सूर्यफूल तेलातील द्विबंधांमुळे वाकलेल्या लांब साखळ्यांना हा प्रवेश दुष्कर होतो, तर खनिज तेलास प्रथिनांविषयी आकर्षणच नसते. सिलिकोनही पृष्ठभागावरच राहते. घर्षण कमी करून चकाकी आणणे हे त्याचे कार्य होय. अर्थात खोबरेल आणि सिलिकोन ही एकमेकांची पर्यायी द्रव्ये नव्हेत.

खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. यास्तव वजनाने ५० भाग खोबरेल, ४९.५ भाग तीळ तेल व ०.५ भाग ई जीवनसत्त्व असे मिश्रण करावे. तिळाच्या तेलाने ते थंडीत सहज घट्ट होत नाही. ई जीवनसत्त्वाने खवटपणा लांबतो. भांडी व बाटली पूर्ण कोरडी असावीत. दोन-तीन थेंब तळहातांवर पसरून केसांच्या टोकांकडील भागास लावावेत. कोंडा असल्यास टाळूस लावू नये, कारण त्याच्याशी निगडित मॅलासेझिया हे किण्व तेलातील मेदाम्लांवरच वाढते.

खरा धोका पाणी मिसळल्याने उद्भवतो. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी किंवा मेथीचे पाणी घातले की जीवाणू व बुरशी यांच्या वाढीस अनुकूल माध्यम तयार होते. ई जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखते, जंतूंची वाढ रोखत नाही. लिंबाच्या रसावरही त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक केवळ आम्लधर्मी माध्यमात परिणामकारक ठरते, म्हणून त्याचा उपयोग सामू मोजल्याविना करणे व्यर्थ होय. दूषित द्रव्य दिसण्यात वा वासात निर्दोष असू शकते. असे जलयुक्त मिश्रण परिरक्षकाविना साठवू नये. लागेल तेवढेच करून त्याच दिवशी वापरावे.

सारांश, निर्जल तेलमिश्रण घरी निर्धोकपणे करता येते व ते केसाची झीज कमी करू शकते. मात्र त्याने नवे केस उगवतील ही अपेक्षा निराधार आहे. कारण केसाची वाढ त्वचेतील मुळाशी होते, आणि हे मिश्रण केसाच्या दांड्यापुरतेच कार्य करते.